गच्चीवरची मोरपंखी खोली

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात रंगाच्या दुकानासमोर तनुजाचे पाय अचानक थांबले. आतून येणारा आवाज ओळखीचा होता. म्हणजे रोज संध्याकाळी फोनवर येणारा आणि "जेवलात का?"च्या पुढं फारसा न सरकणारा!

"मोरपंखीच पाहिजे, पण असला भडक न्हाई हो," तो आवाज दुकानदाराला पटवत होता. "जरा हिरव्याकडं झुकलेला... साखरपुड्यात आमच्या होणाऱ्या मंडळींनी साडी नेसली होती बघा, अगदी तसला."

"आता मी काय तुमच्या साखरपुड्याला आलतो का?" दुकानदार वैतागला. "आणि मोबाईलातल्या फोटोवरून शेड लागत न्हाई. कापडाचा तुकडा तरी आणा!"

तनुजाला हसू आवरेना. ती औशाहून लता मावशीबरोबर मणी आणि जर घ्यायला आली होती. मावशी शेजारच्या दुकानात भावावरून हुज्जत घालण्यात रंगली होती, तेव्हा दोन मिनिटं सवड होती. तनुजानं पर्समधून रेशमाचं एक रीळ काढलं आणि थेट काउंटरवर ठेवलं.

"हा घ्या रंग. त्याच साडीवरच्या ब्लाउजचा उरलेला धागा आहे."

वीरभद्र वळला आणि त्याचे कान लालेलाल झाले. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा, सहा फूट उंचीचा गडी, पण त्या क्षणी फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"तुम्ही... कधीपासून उभ्या आहात?"

"होणाऱ्या मंडळींपासून."

दुकानदार खो-खो हसला. त्यानं रिळावरून शेड लावली, डबा हलवला, झाकणावर थेंब टेकवून दाखवला. हुबेहूब! तनुजानं रिळासाठी हात पुढं केला, तर वीरभद्रनं ते उचलून शर्टाच्या खिशात घातलं.

"अहो, शेड लागली ना? मग परत द्या की."

"शेडसाठी डबा हाय," तो खाली बघत म्हणाला. "रीळ... राहू द्या."

परतीच्या एसटीत तनुजा खिडकीशी बसून उगाचच हसत राहिली. मावशीनं दोनदा विचारलं, "काय गं?" आणि दोन्ही वेळा तिनं उन्हाचं नाव पुढं केलं.

पण औसा जवळ आलं तसं हसू मावळलं. कारण खरी मेख रंगात नव्हतीच.

तनुजा आरी वर्क करायची. चार फुटांच्या लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि आकडीच्या सुईनं एकेक मणी, एकेक टाका भरत जायचा. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली ब्लाउजसाठी तिच्याकडं यायच्या. ही चौकट, तिची 'आरी', म्हणजे तिचा जीव होता. आणि लातूरच्या घरात तिच्या वाट्याला येणारी खोली होती दहा बाय नऊची! त्यात आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, आंदणात द्यायला सहा फूट रुंदीचा सागवानी पलंग सुताराला सांगून ठेवलेला. "माझ्या पोरीचा पलंग गल्लीनं बघत राहायला पाहिजे," असं ते येईल-जाईल त्याला सांगत होते. तो पलंग आला, की खोलीत आरी कशी मावणार?

त्यातून साखरपुड्यात वीरभद्रची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आता लोकांचे ब्लाउज बास झाले गं, आमच्या पोराचं बघ!" सगळे हसले. हसले तर हसले, पण वीरभद्रही हसला होता. तेवढं एक हसू तनुजाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

पलंगासाठी खोलीचं माप घ्यायला मावशी रविवारी लातूरला निघाली आणि तनुजा हट्टानं बरोबर गेली. तिथं मावशीनं दारातच फर्मान काढलं, "तू इथंच बस ओसरीवर. माप ओलांडल्याबिगर सासरच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई!"

मावशी टेप घेऊन आत गेली. तनुजा ओसरीवर बसून मान उंचावत राहिली. खिडकीतून मोरपंखी भिंतीची एक पट्टी तेवढी दिसत होती. काय सुरेख रंग उतरला होता! पण खोली मेली केवढीशी!

तेवढ्यात वीरभद्रची आई, म्हणजे त्याची अव्वा शिवम्मा, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पोरी, गच्चीवर पापड घातलेत. तेवढे उलटून ये की. जिना बाहेरूनच हाय, उंबरठा लागत न्हाई." आणि हसू लपवत त्या लगबगीनं आत गेल्या.

गच्चीवर वीरभद्र उभा होता. हात पांढरे, पँटवर खडूचे पट्टे. त्याच्या पायाशी फरशीवर एक मोठा चौकोन आखलेला होता. त्याला दार होतं, खिडकी होती, दाराशी उंबऱ्याची जाड रेघसुद्धा होती. आत एक लोखंडी खाट, खाटेवर पांढरं धोतर आणि धोतरावर कुरडया.

"हे काय करायलाव तुम्ही?"

"आपली खोली. लग्नाआधी तुम्हाला आत यायला बंदी असणार, हे ठाऊक होतं. मग म्हटलं... खोलीच बाहेर आणावी."

"आणि पलंगावर कुरडया?"

"लग्नापर्यंत तळून संपतील त्या."

ती हसली खरी, पण हसू टिकलं नाही. ती खडूच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. आज नाही बोललो तर कधीच नाही, तिला वाटलं.

"मला एक सांगायचंय. मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या," ती म्हणाली. "आप्पांचा पलंग आला की माझी आरी मावत नाही. आणि आरीशिवाय... मला नाही जमायचं. तुमच्या आत्या बोलल्या, तेव्हा तुम्हीही हसलात."

"मी? हसलो?"

"दात दिसले तुमचे."

त्यानं कपाळाला हात लावला आणि तिथंही खडू लागला. "आत्याच्या बोलण्यावर हसायचं, ही आमच्या घरात लहानपणापासूनची सवय हाय. भीतीपोटी! पण चुकलंच माझं. तिथंच बोलायला पाहिजे होतं."

मग तो खिडकीच्या रेघेशी वाकला आणि पापड वाळत घातलेला प्लास्टिकचा कागद हळूच बाजूला ओढला. खाली चार फुटांचा आणखी एक चौकोन होता आणि त्यात मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'तनुजाची आरी'.

"हे सगळ्यात आधी आखलं होतं... अव्वानं सकाळी त्याच्यावरच पापड घातले."

तनुजानं ती अक्षरं दोनदा वाचली.

"पलंग चार फूट रुंदीचाच करायचा," तो घाईघाईनं सांगू लागला. "परवा आप्पांना फोन केला मी. आधी भडकले. म्हणाले, 'माझी पोरगी काय बाकावर झोपणार का?' मी म्हटलं, आप्पा, पलंग मोठा आला तर तिचं काम ओसरीवर जाईल. मग म्हणाले, 'सुताराला सांगतो, पण लाकूड सागवानीच राहील!'"

हुश्श! साखरपुड्यापासून छातीवर बसलेला धोंडा एकदम उतरला. ती झपझप आत गेली, खाटेच्या कडेवर टेकली आणि हसता हसता रडू लागली. दोन कुरडयांचा चुरा झाला, तरी तिला पत्ता नाही.

"अहो... जागा कमी पडली का?" तो घाबरला.

"जागा पुरेशी आहे," तिनं डोळे पुसले, "पण चुकीच्या बाजूला. उजेड डावीकडून पाहिजे, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. आणा तो खडू!"

तिनं चौकट पुसून नव्यानं आखली. मण्यांच्या बरण्यांना फळी काढली. भिंतींचं विचारलं तर तो म्हणाला, "तीनच मोरपंखी केल्यात. खिडकीची तुमच्यासाठी ठेवली." ती म्हणाली, "पांढरी. उजेड वाढेल."

"आणि आरसा इथं," त्यानं खाटेसमोर बोट दाखवलं.

"तुम्हाला काय करायचाय आरसा?"

"मला न्हाई. तू टाके घालताना मला दिसशील..." आणि 'तू' निसटल्याचं लक्षात येऊन पुन्हा त्याचे कान लाल झाले.

"चालेल," ती हळूच म्हणाली.

"आरसा?"

"'तू'सुद्धा."

त्याच्या खिशातून मोरपंखी रिळाचं टोक डोकावत होतं. "तनुजा... खोली आवडली?"

"खोली आवडली. पण खोली बाहेर आणणारा... जास्त आवडला."

"तनू!" खालून मावशीची हाक आली. "झालं बाई माप घेऊन! उंबरठा ओलांडला न्हाईस ना गं?"

"न्हाई मावशी!" खोलीच्या मधोमध बसून तनुजानं ओरडून सांगितलं.

दाराशी खडूची रेघ अर्धी पुसली गेली होती आणि तिच्या साडीचा काठ पांढरा झाला होता.