टेबलावरची वर्धा

बल्लारपूरच्या आरा गिरणीमागं सागाच्या भुशाचा मोठा ढीग असतो. त्या ढिगापाशी एक तरुण उकिडवा बसला होता आणि चहाच्या गाळणीनं भुसा चाळत होता. हो, चहाच्या गाळणीनं!

मी रिकामं पोतं घेऊन आले होते. माझे बाबा, गोविंदा, वर्धा नदीत मासे धरतात. बाजारात नेताना बर्फाभोवती भुसा घातला की बर्फ लवकर विरघळत नाही. मी गावातल्या फोटोफ्रेमच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे घरी परतताना भुसा नेणं माझ्याकडेच.

मला राहवलं नाही. "भुशाचा चहा करून राह्यले का जी?"

तो दचकला. गाळणी हातातच राहिली आणि कान लाल झाले.

"नाई… जंगल करून राह्यलो."

"जंगल? आपल्या इथी कमी हाय का?"

तो हसला. भिवयांवर, पापण्यांवर भुसा… हसला तेव्हा तो हळूच खाली झरला. मी पोत्याचं तोंड सोडण्यात गुंतल्यासारखं केलं.

मी माझं नाव सांगितलं, मैना. त्याचं नाव धनराज. भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत आईवडिलांसोबत राहायचा, तिथंच एका शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याचा छंद मात्र मी कधी ऐकला नव्हता. टेबलावर इंचभर उंचीच्या शिपायांच्या दोन फौजा मांडायच्या, पट्टीनं अंतर मोजत त्यांना चालवायचं, फासे टाकून लढाई करायची. आणि ज्या जमिनीवर ती लढाई व्हायची, ती त्यानं घरीच बनवलेली. थर्माकोलच्या टेकड्या, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं, हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाचं गवत. फेब्रुवारीत नागपूरला स्पर्धा होती, सगळ्यात चांगलं रणांगण कुणाचं, याची.

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. टेकडी छान होती. झाडं तर इतकी खरी की हात लावावासा वाटला. आणि मधून जाणारी नदी… निळीशार, सरळ, दोन्ही काठ सारखे.

"हे नदी हाय का नहर हाय?" मी म्हणाले.

"काऊन? काय झालं?"

"वर्धा पाह्यली का कधी? निळी दिसते का तुमाले? आन् वळणावर दोन्ही काठ सारखे राह्यतेत का?"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्यानं गाळणी खाली ठेवली, हात झटकले आणि अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "मंग… तुमी शिकवान का?"

रविवारी तो खरंच आमच्या घाटावर आला. वही घेऊन! थंडी होती, पाण्यावरून धुक्याचे धागे उठत होते. बाबा डोंग्यातून, आमच्या लहान लाकडी होडीतून, जाळं काढत होते. मी त्याला वळण दाखवलं. बाहेरच्या बाजूला पाणी काठ खातं, तिथं दरड उभी आणि खाली डोह. आतल्या बाजूला वाळू साचते. डोहात पाणी काळपट हिरवं, वाळूवर फिक्या चहासारखं, आणि गोट्यांवरून उतरताना पांढरं.

"आन् पलीकडं जायचं असन तं?" त्यानं विचारलं.

"त्याले उतार पाहा लागते. जिथं पाणी पसरते न् पायाखाली गोटे लागतेत, तिथूनच मानसं जातेत. नवा मानूस नेमका डोहात उतरते."

"आन् मी कुठी उतरलो आता?" वहीतून मान न काढता तो म्हणाला.

"…डोहात," मी म्हणाले, आणि दोघंही उगाचच नदीकडे पाहत राहिलो.

मग आठ रविवार तो येत राहिला. प्लायवूडचे चौकोनी तुकडे मोटारसायकलला बांधून आणायचा आणि आमच्या अंगणात कामाला बसायचा. गावातल्या बाया कुंपणावरून वाकून बघत. "काय चालू हाय जी गोविंदाभाऊ?" बाबा गंभीरपणे सांगत, "नदीचं काम हाय."

काम खरंच नदीचं होतं. मी दरड कोरली, आतल्या वळणावर घाटावरची वाळू चाळून चिकटवली. पाण्यासाठी पारदर्शक राळ एकावर एक पातळ थरांत ओतायची, प्रत्येक थराला वेगळा रंग. एकदा झटकन चिकटणारा डिंक सांडला आणि धनराजची तीन बोटं माझ्या मनगटाला चिकटली.

"ओढू नोको, कातडं निघन," मी म्हणाले.

"मी कुठी ओढून राह्यलो?"

कोमट पाणी आणायला आईनं फार वेळ लावला. मला तो कमीच वाटला.

काठावर मी गाव वसवलं. भाताच्या तणसाची छपरं, बँडेजच्या कापडाची वाळत घातलेली जाळी, सागाच्या काडीतून कोरलेला बोटाएवढा डोंगा. तो झाल्यावर मी विचारलं, "तुह्या लढाईत या गावच्या मानसायचं काय होते?"

धनराज डोंग्यावरून बोट फिरवत म्हणाला, "ते… नियमात नाई."

"घरं हायेत न् मानसं नाई?"

त्यानं प्लायवूडचे तुकडे मोटारसायकलला बांधले. लवकर निघून गेला. मी आठवडाभर स्वतःला बोल लावत राहिले. खेळच तर होता त्याचा, कशाला टोचायचं? पण पुढच्या रविवारी त्यानं खिशातून एक कागद काढला. अकरा छोटी माणसं त्यानं मातीची घडवून आणली होती. एक म्हातारी, डोक्यावर टोपलं घेतलेली बाई, काखेत लेकरू… आणि कागदावर नवा नियम: जी फौज गावच्या माणसांना उतारावरून सुखरूप पलीकडे नेईल, तिची जीत. शत्रू किती मारले, ते मोजायचं नाही.

मी तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

"बराबर हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

"हाय," एवढंच म्हणता आलं.

नागपूरला बाबाही आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. "नदी नीट मांडतेत का नाई, पाहा लागन," म्हणाले. हॉलमध्ये तीसेक टेबलं होती. पडके किल्ले, बर्फाचे डोंगर, परदेशी शहरं. आमच्या टेबलाभोवती मात्र लोक थांबत, वाकत, आणि बोट लावू का म्हणून विचारत.

तेव्हाच मला टेबलावरचं कार्ड दिसलं. "रचना: धनराज." बस्, एवढंच.

  मी पदराशी चाळा करत बाबांच्या मागं जाऊन उभी राहिले. धनराजनं माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे… आणि त्याचा चेहरा उतरला. कार्ड ज्यावरून छापलं, तो अर्ज त्यानं दिवाळीत भरला होता, आमची ओळख व्हायच्या आधी. हे मला नंतर कळलं.

परीक्षक बाई आल्या. चष्मा वर करून त्या बराच वेळ वळणावर वाकून राहिल्या. "अप्रतिम आहे हे पाणी. कसं सुचलं तुम्हाला?"

"मले नाई सुचलं," धनराज म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नदी, काठ, गाव… हे मैनानं बनवलं. मी टेकडी न् झाडं केली. कार्डावर तिचं नाव पाहिजे. पहिलं."

बाई अवघडल्या. "अहो, ही एकट्याची स्पर्धा आहे. दोघांचं काम असेल तर मला हे टेबल धरता येणार नाही."

"मंग नका धरू."

त्यानं पेन काढलं आणि कार्डावर, स्वतःच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. गावासकट, वडिलांच्या नावासकट.

मी त्याला बाजूला ओढलं. "येडा हायेस का तू? आठ रविवार गेले! बक्षीस आपलंच होतं!"

"तुह्यी नदी न् नाव माह्यं… असं बक्षीस घरी कुठी ठेवू मी?"

मला रागावायचं होतं. पण डोळ्यांनी ऐकलं नाही.

बक्षीस एका बर्फाच्या डोंगराला गेलं. पण शेवटचा खेळ कोणत्या टेबलावर करायचा, असं खेळाडूंना विचारलं, तर सगळे हात आमच्याकडे वळले. दोन तास लढाई चालली. एकानं घाईनं फौज डोहात घातली आणि अडकला. बाबांना राहवलं नाही. ते पुढे झाले आणि त्या शहरी मंडळींना बोटानं दाखवू लागले, "इथून नाई जी. पाण्याचा रंग पाहा न आधी." पंचवीस माणसं चूप बसून एका मासे धरणाऱ्या ढीवराचं ऐकत होती. अकराव्या मातीच्या माणसानं उतार ओलांडला, तेव्हा टाळ्या पडल्या. बाबांनी सदऱ्याची बटणं नीट केली आणि म्हणाले, "पोरगी माह्यी हाय."

संध्याकाळच्या गाडीत जागा मिळाली. चादरीत गुंडाळलेली नदी आमच्या पायांशी होती. समोरच्या माणसानं विचारलं, काय आहे हो यात? बाबांनी त्याला वरोऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

भद्रावतीचं भांदक स्टेशन जवळ आलं. धनराज उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"मैना… काम तं संपलं आता."

"हो, संपलं."

"मंग रविवारी… म्हणजे… येऊ का नोको?"

मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. आज लाजायची अजिबात इच्छा नव्हती.

"कामासाठी नोको येऊ. माह्यासाठी ये. मले तू पाहिजे."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. मान न वळवता म्हणाले, "आन् येतानी माय-बापाले संग घेऊन येजो. अशा गोष्टी पोराटोरायनं ठरवू नाई."

धनराज त्यांच्या पाया पडायला वाकला आणि गाडीच्या धक्क्यानं त्यांच्या मांडीवरच आदळला. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी सावरलं.

गाडी सुटली तरी तो फलाटावर तसाच उभा होता. मी दारात आले. डब्यातली माणसं बघत होती, बघू देत… मी त्याच्या दिशेनं हात उंच करून हलवत राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत.