गिळलेली ओळ

"मोहनाबेन तमे?"

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात मी मान खाली घालून एका मशीनचं माहितीपुस्तक लिहीत होते. वर पाहिलं, तर तपकिरी डोळे... आणि कोपरापर्यंत बँडेज बांधलेला उजवा हात!

"हो... मीच."

"अरे, मराठी!" तो हसला. "मी विहंग मोहिते. डभोईला लोणच्याच्या कारखान्यात असतो. बरण्या वाफेत उकळायचं तुमचं मशीन आहे आमच्याकडे."

त्यानं डाव्या हातानं एक छापील पान पुढे केलं. मीच लिहिलेलं.

पाचवी सूचना : दाब
सहावी सूचना : झाकण उघडा.

"मी दाबाचा काटा बघितला, आणि उघडलं झाकण. किती असायला हवा होता?"

मी लिहिलं होतं — 'दाब < ०.१ होईपर्यंत थांबा.' पण आमच्या सॉफ्टवेअरला '<' दिसलं की ते त्याला स्वतःसाठीची आज्ञा समजतं आणि पुढची उरलेली ओळ गिळून टाकतं. ते चिन्ह पानावर उमटायला हवं असेल, तर त्या जागी '&lt;' टाइप करायचं. मला माहीत होतं हे! त्या दिवशी घाई होती... एवढंच.

"हा हात... माझ्यामुळे?"

"बरा होईल हो. रडू नका ना — इथले सगळे मलाच मारतील! मी कोणाचं नाव नाही घेणार."

"मी घेईन," म्हणत मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

साहेब कडाडले. पुस्तक मागे घेतलं. दीडशे पानांतलं प्रत्येक चिन्ह तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मशीन कळणारा माणूस म्हणून सोबतीला — विहंग!

तो रोज डभोईहून बसनं यायचा. मी चिन्हं दुरुस्त करायची, तो मोठ्यानं वाचायचा.

"हा तापमानाचा इवलासा गोल कसा काढता?"

"'&deg;' लिहून."

"आणि बदाम? दिलवाला?"

"असतो तोही..." माझे कान तापले. "पण मशीनच्या पुस्तकात लागत नाही."

"चालो, लागेल तेव्हा सांगा!"

तीन आठवड्यांनी काम संपलं. "आवजो, मोहनाबेन," म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी समोरची रिकामी खुर्ची बघून काळजात असं धस्स झालं, की माझी मीच हबकले. बेन म्हणे!

पुढच्या शनिवारी मी डभोईची बस धरली. कारखान्याच्या दारात मला बघताच विहंगच्या हातातला चहा हिंदकळून शर्टावर सांडला.

"तुम्ही? इथे?"

"दोन वर्षं लिहितेय... मशीन एकदाही बघितलं नाही. म्हटलं, बघावं."

"पण मशीन तर दुरुस्तीला गेलंय. सोमवारीच मेल केला होता तुम्हाला!"

"वाचला."

"वाचला? तरी..."

"तरी आले."

तो डोळे विस्फारून बघतच राहिला. मग एकदम मागे वळला, दोन पावलं पळाला, पुन्हा थांबला.

"मोहना — जाऊ नकोस हं कुठे! शर्ट बदलून येतो. आई समोरच राहते... अशा अवतारात कशी भेट घालून देऊ?"