चावी लोकलवर

नाशिकच्या कंट्रोल रूममध्ये माझी बदली झाली, तेव्हा निफाड तालुक्यातली सबस्टेशनं एकेक करून माणसांविना चालू लागली होती. पूर्वी प्रत्येक ठिकाणी ऑपरेटर बसायचा. आता लाईन बंद-चालू करायचा हुकूम मी कॉम्प्युटरवरून देत असे. इंदिरानगरहून डबा घेऊन निघायचं, दहाला स्क्रीनसमोर बसायचं. काम मला आवडत होतं.

विंचूरजवळच्या सबस्टेशनला दिवाळीनंतर कुलूप लागलं. तिथल्या लोखंडी पेटीवर एक चावी होती. ती 'रिमोट'वर असली की ताबा आमच्याकडे, 'लोकल'वर फिरवली की तिथं उभ्या असलेल्या माणसाकडे. तिथं आता कोणी उभं राहत नव्हतं.

दुरुस्तीचा वार मंगळवार. जानेवारीतल्या एका मंगळवारी द्राक्षबागांकडची लाईन मी बंद केली. दुपारी खालच्या माणसांनी कळवलं, सगळे उतरलेत, चालू करा. मी हुकूम दिला. स्क्रीनवर उत्तर आलं: चावी लोकलवर आहे. पुन्हा दिला. तेच उत्तर. तेवढ्यात लाईनमन अमोलचा फोन आला. पाना वरच विसरला म्हणून तो कोणाला न सांगता परत चढला होता.

"आत्ता उतरलो, मॅडम," तो म्हणाला.

त्याचा आवाज नेहमीसारखा होता. स्क्रीनवर चावी पुन्हा रिमोटवर आली होती.

संध्याकाळी मी माझा सहकारी शेखर याला घेऊन विंचूरला गेले. कुलूप जागेवर होतं. आत फरशीवर धूळ होती आणि तिच्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. शेखर म्हणाला, एखादी वायर सैल असेल. पेटी उघडून आम्ही सगळं तपासलं. काही सैल नव्हतं.

मार्चपर्यंत असं आणखी दोन मंगळवारी झालं. दोन्ही वेळा कोणीतरी खांबावर राहिलेलं होतं. आम्ही चावी बदलून नवी बसवली. तीही फिरली.

मग ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं की तिथं एकतीस वर्षं सावळीराम पगारे ऑपरेटर होते. वर चढलेला माणूस स्वतः येऊन समोर उभा राहिल्याशिवाय ते लाईन चालू करत नसत, साहेब फोनवर कितीही ओरडले तरी. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगवायू झाला, असतात निफाडला. पुढच्या मंगळवारी रजा टाकून मी त्यांना भेटायला गेले.

दारात चपलाच चपला होत्या. पहाटेच ते गेले होते.

परत फिरणार होते, पण त्यांच्या पत्नी लंकाबाईंनी आत बसवून घेतलं. ते पांढऱ्या चादरीखाली होते, उशाशी मेणबत्ती जळत होती. मी कोण, कुठून आले ते सांगितलं.

"दोन वर्षं बोलणं नाय, ओळखणं नाय," त्या म्हणाल्या. "एक उजवा हात तेवढा फिरायचा, तोबी मंगळवारीच. असा." त्यांनी मनगट पाव फेरी वळवून दाखवलं. "आज मंगळवार हे. म्हनलं, आजपासून तरी सुटले."

माझा मोबाईल थरथरला. कंट्रोल रूमचा मेसेज: विंचूरची चावी लोकलवर. लगेच दुसरा मेसेज: द्राक्षबागांची लाईन बंद.

चादर त्यांच्या उजव्या हाताशी पिळल्यासारखी झाली होती. मघाशी ती सरळ होती.

मी अमोलला फोन लावला. तो खांबावर होता. शेखर सरांनी बंद करून दिलीये, म्हणाला. मग शेखरला लावला. त्यानं स्क्रीन पुन्हा तपासली. चुकून त्यानं शेजारची लाईन बंद केली होती; अमोल चढला होता ती चावी फिरेपर्यंत चालूच होती.

मी अमोलला पुन्हा फोन करून खाली यायला सांगितलं.

सावळीरामांचा मुलगा राकेश आत आला. गाडी आली होती, उचलायची वेळ झाली होती.

"थोडं थांबा," मी म्हणाले.

"कशाला?"

मी मोबाईलकडे पाहिलं.

"माणूस वर हे," लंकाबाई म्हणाल्या.

राकेश दाराशीच थांबला.

लंकाबाई चादरीकडे बघत होत्या. तिचा पीळ हळूहळू सुटत होता.

"उतरला," त्या म्हणाल्या. "आता न्या."

त्यानंतर अमोलचा फोन आला. "आत्ता उतरलो, मॅडम."