खिंडीत थांबलेली गाडी

सखूबाई दारात आली तेव्हा वैशाखातले ऊन अंगणात पांढरे होऊन पडले होते. तिच्या पायांत वहाणा नव्हत्या. भाटघरहून ती तशीच चालत आली होती.

"पुन्याचे बापटसायेब हितंच उतरल्यात न्हवं?"

वसंत भोरच्या शाळेत मराठी शिकवीत असे. खासगी तपासाची कामे करणारे अच्युत बापट हे त्याचे कॉलेजातले स्नेही, सुटीपुरते पाहुणे. सखूबाईने दोघांकडे पाहिले आणि कोणाला उद्देशून बोलावे हे न कळून ती भिंतीकडे पाहत बोलली.

"माझ्या मालकाला काल सांजच्याला चौकीत घातलंय. सकाळधरनं हाणत्यात. हवालदार म्हनतो, दिस मावळायच्या आत कबूल करवतो."

"काय कबूल?"

"चोरी. न केल्याली."

तिचा नवरा ज्ञानू हा वकील माधवराव चित्रे यांचा ड्रायव्हर. वकिलांची मुलगी सुलू हिच्या लग्नासाठी पासली गावी राहणाऱ्या भावकीतल्या द्वारकाकाकूंनी सोन्याच्या पुतळ्यांची माळ देऊ केली होती. ती आणायला काल वकिलांचा पुतण्या शरच्चंद्र आणि ज्ञानू गाडीने गेले. पितळी डब्यावर फडके बांधून काकूंनी तो दोघांच्या डोळ्यांदेखत गाडीत ठेवला. भोरला वकिलांच्या घरी फडके सोडले, तेव्हा आत दगड होते. दोघांचीही झडती झाली. काही मिळाले नाही. वाटेत गाडी खिंडीत बंद पडली होती, आणि ती ज्ञानूनेच मुद्दाम बंद पाडली, असे सगळ्यांचे मत झाले होते.

बापटांनी कोट चढवला. "चल, वसंता. दिवस मावळायला फार वेळ नाही."

चौकीत ज्ञानू कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याचे तळहात इतके सुजले होते की बोटे मिटत नव्हती.

"सायेब, ही गाडी तापली की बंद करायची नसती. चालू हाय तवर चांगली पळती. बंद केली की बसली. थंड झाल्याबिगर हँडल मारून हात मोडला तरी उठत न्हाई. म्हनून खिंडीतल्या देवीपुढं म्या इंजिन चालूच ठेवतो, नारळ फोडतो, परत येतो."

"कालही चालू ठेवलंस?"

"व्हय. आलो तर गप. शरददादा म्हनले, आपली आपन विझली. मग म्या बादली घेऊन खाली झऱ्यावर गेलो. लई खाली हाय झरा. पानी आनलं, वलं फडकं पेट्रोलच्या नळीवर ठेवलं, तवा कुठं उठली."

"शरदराव देवीला उतरले नाहीत?"

"न्हाई. सुतक हाय म्हनले."

हवालदार कोंढाळकर मिशीत हसला. "ऐका! आज सकाळी म्या स्वतः हँडल मारलं. अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू! शरदराव बाजूलाच उभे व्हते. गाडीला काय धाड भरली न्हाई."

"खिंड शोधलीत?"

"चोर सोनं रस्त्यात टाकून येतो व्हय, सायेब? याचं घर उकरलं म्या, चुलीपासनं."

ज्ञानूने सुजलेले हात गुडघ्यांवर उलटे ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर एक जुनाट शिणवटा होता. त्याच्याकडे पाहणे वसंताला अवघड गेले.

वकिलांच्या दारी मांडव उभा होता. खांबांना बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या उन्हाने मलूल झाल्या होत्या. शरच्चंद्र सोप्यावर भेटला. उंच, सावळा, मृदू आवाजाचा. नदीकाठी वसंताने त्याच्याबरोबर कितीतरी संध्याकाळी कविता वाचल्या होत्या. हा माणूस खोटे बोलेल, ही कल्पनाच वसंताला शिवत नव्हती.

"इंजिन ज्ञानूनंच बंद केलं," शरच्चंद्र म्हणाला. "देवळातून आला आणि म्हणाला, चालू होत नाही. बादली माझ्या हातात दिली, पाण्याला पाठवलं."

"तो म्हणतो, पाण्याला तोच गेला."

"दुसरं काय म्हणणार तो? मी निम्मा उतार उतरलो नसेन, तोच वर इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं. लगेच थांबलं. तेव्हा मनावर घेतलं नाही. आज सकाळी गाडी एका झटक्यात चालू झाली, तेव्हा उमगलं. मला लांब धाडायचं, एवढाच त्याचा डाव होता."

"तुम्ही देवीला नाही उतरलात?"

"मला सुतक होतं. देवळाच्या पायरीलासुद्धा शिवलो नाही."

एवढ्यात वकील बाहेर आले. एका रात्रीत माणूस खंगावा तसे दिसत होते. "बापट, काय ते लवकर करा हो. व्याह्यांना कोणत्या तोंडानं सांगू? सगळा भार या शरदवर पडलाय. परवा मांडवाची मुहूर्तमेढ यानंच रोवली, काल पासलीलाही हाच गेला."

बापटांनी मेढीवरची डहाळी बोटांनी हलकेच चुरली. "वकीलसाहेब, मला गाडी हवी. आणि तुम्ही, शरदराव, हवालदार, सगळे बरोबर हवेत. आत्ता."

बापट स्वतः चालवत होते. डोंगर उन्हात तापून धुरकट झाले होते. उतारांवरची भातखाचरे भेगाळून पावसाची वाट पाहत पडली होती. चढ लागला तसे इंजिन गुरगुरू लागले. सूर्य कलता होता, आणि वसंताच्या डोळ्यांपुढे ती न मिटणारी बोटे येत होती.

खिंडीत देवळासमोर बापटांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि ते स्वस्थ बसून राहिले. नारळ फोडून परतायला लागावा, एवढा वेळ गेला.

"शरदराव, हँडल मारा."

"मी? मला यातलं काही..."

"मारा तर खरं."

शरच्चंद्राने हँडल फिरवले. पुन्हा फिरवले. त्याच्या सदऱ्यावर घामाचा मोठा डाग उमटला. गाडी मुकी राहिली. कोंढाळकराने त्याला बाजूला सारून दोन्ही हातांनी जोर लावला. शेवटी तोही धापा टाकीत मडगार्डला टेकला.

"आयला! सकाळी तर..."

"सकाळी ती रात्रभर थंड झालेली होती," बापट म्हणाले. "धावताना नळीला वारा लागतो. तापलेली गाडी थांबवली की पेट्रोल नळीतच उकळतं, आणि वाफ वाट अडवते. निवल्याशिवाय तिला कोणीही उठवू शकत नाही. ज्ञानू खरं बोलत होता."

ते शरच्चंद्राकडे वळले.

"आणि तुम्ही उतारावरून जाताना गाडी चालू झालेली ऐकलीत. तेव्हा ती आत्ताइतकीच तापलेली होती. असा आवाज होणं शक्यच नव्हतं. सकाळी हवालदारांचं हँडल पाहिलंत, आणि गाडी केव्हाही अशीच चालू होते असं समजून तो आवाज तुम्ही रचलात. तो रचायचं कारण एकच. झऱ्यावर तुम्ही गेलाच नव्हता. डब्यापाशी तुम्ही होता."

"पण इंजिन विझलं कसं?" वसंताने विचारले.

"यांनी विझवलं. ज्ञानूबरोबर नेहमी हिंडणाऱ्याला गाडीची खोड माहीत असणारच. ज्ञानू देवीपुढे असताना गाडीत एकटं राहून इंजिन विझवायचं, म्हणजे तो पाण्याला लांब झऱ्यावर जाणार आणि डबा उघडायला वेळ मिळणार, एवढंच हवं होतं. पण लग्नाचं सोनं घेऊन जाणारा घरचा माणूस देवीला उतरत नाही, हे ज्ञानूला खटकलं असतं. म्हणून सुतक." बापट वकिलांकडे वळले. "वकीलसाहेब, काल तुमच्या घराण्यात कोणाचं सुतक होतं?"

वकील दचकले. "सुतक? भलतंच! भावकीत कोणी गेलं असतं तर मांडव राहिला असता का उभा? आणि याच्या आजोळी तर आता कोणी उरलेलंच नाही."

"परवा यांनी मेढ रोवली. काल यांना सुतक आलं. आज मांडव तसाच आहे." बापटांचा आवाज खाली आला. "ज्ञानू परक्या भावकीतला. त्यानं निमूट विश्वास ठेवला. पुढे तेच सुतक यांना आणखी एका कामी आलं. झडतीत काही मिळालं नाही, म्हणजे सोनं खिंडीतच राहिलं. कुठे? तर जिथे हे गेलेच नाहीत असं सगळ्यांना वाटावं, तिथे. मी उतरलात का एवढंच विचारलं होतं. पायरीला शिवलो नाही, हे यांनी आपणहून सांगितलं. हवालदार, देवळामागे पाहा."

देवळामागे वर्षानुवर्षांच्या करवंट्यांचा ढीग होता. कोंढाळकर तो उपसू लागला. करवंट्या खडखडत घरंगळत होत्या आणि प्रत्येक आवाजागणिक शरच्चंद्र लहान लहान होत चालल्यासारखा दिसत होता.

"हाय," हवालदार एवढेच म्हणाला. त्याच्या मुठीतून पुतळ्या लोंबत होत्या.

"ती माझ्या आईची होती, काका," शरच्चंद्र पुटपुटला. "आई गेली त्या दिवशी द्वारकाकाकूंनी तिच्या गळ्यातून काढून घेतली. मी उंबऱ्यात उभा होतो. आता ती माळ दुसऱ्यांच्या घरी जाणार होती."

"मला सांगायचं होतंस," वकील कातर आवाजात म्हणाले. "आणि त्या ज्ञानूला मार खाताना पाहवलं तुला?"

वसंताने शरच्चंद्राकडे पाहिले. ओळखीचा चेहरा, आणि मागे कोणी अनोळखी. त्याने मान वळवली.

गाडी निवेपर्यंत सगळ्यांना तिथेच बसून राहावे लागले.

ते चौकीवर पोहोचले तेव्हा उन्हे डोंगराआड जात होती. कोंढाळकराने खाली मान घालून दार उघडले. ज्ञानू भिंतीला धरून बाहेर आला. पायरीवर बसलेली सखूबाई उठली. तिने त्याचे हात पाहिले आणि पदराच्या टोकाने एकेक बोट पुसले.

वकील पुढे झाले. "ज्ञानू, चूक झाली आमची. गाडीत बस. बापट तुम्हा दोघांना भाटघरला सोडतील. आणि लग्नात गाडी तूच चालवायची बरं का."

ज्ञानूने बायकोकडे पाहिले.

"नगं, सायेब," सखूबाई म्हणाली. "गाडी ऱ्हाऊ द्या तुमची. आमी चालत जातो."

तिने त्याचा दंड धरला. दोघे रस्त्याला लागली. ज्ञानूचे हात पुढे धरलेले होते, काहीतरी तापलेले वाहून नेत असल्यासारखे. वळणावर तो थांबला. ती थांबली. मग दोघे पुन्हा सावकाश निघाली.