येऊन राहिलो

खोटं वाटेल. पण त्या दिवशी त्या डोंगरावर मी होते, म्हणून सांगते.

आधी कुणाला काय मिळणार होतं, ते ऐका.

कंपनीत अमेरिकेची जागा एक होती, दावेदार दोन. एक आमचा टीम लीड दत्तप्रसाद. जागा मिळाली तर डॉलर, तिकडचं घर आणि 'आधी व्हिसा दाखवा' म्हणून अडून बसलेलं सदाशिव पेठेतलं स्थळ, सगळं एकदम पदरात. दुसरा शंभू. अकोल्याचा. काम चोख, बोलणं वऱ्हाडी.

दोन हजार पाचचा एप्रिल. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत आम्ही तिघं टेकड्यांवरून चालणार होतो. आमचे अभय सर गाडीने गडावर पोचणार. जागा कुणाची, ते पिठलं-भाकरी खाताना सांगणार.

नियम साधा. पुढच्याने प्रत्येक माथ्यावरून हाक मारायची, मागच्याने ओ द्यायची. ओ आली की पुढे निघायचं.

"शेवटचा कुठंय?"

"येऊन राहिलो ना भाऊ!"

दत्तप्रसाद दर वेळी नक्कल करायचा. शंभूही हसायचा.

ऊन चढलं. माझं पाणी केव्हाच संपलं होतं. दत्तप्रसादने शंभूच्या हातातली बाटली काढून घेतली.

"अहो अकोलेकर, आपल्याला पाणी कशाला? पुण्याचं ऊन म्हणजे आपल्याला एसी!"

"घे ना भाऊ. पण अर्धं ठेवजो."

ठेवलं नाही. शंभू गडावर उशिरा, लटपटत पोचावा आणि ते सरांनी बघावं, एवढाच दत्तप्रसादचा डाव.

पुढच्या माथ्यावरून हाक गेली... ओ आली.

त्याच्या पुढच्या माथ्यावरून... आली.

मग माझ्या लक्षात आलं. आवाजात धाप नव्हती. आम्ही भरभर चाललो काय, रेंगाळलो काय, आवाज तेवढ्याच अंतरावरून यायचा.

मी मागे वळले.

गवत वाळून पिवळं. झाड नाही, वळण नाही. पायवाट खालच्या खिंडीपर्यंत उघडी.

वाटेवर कुणीच नव्हतं.

"शंभू?"

"येऊन राहिलो..."

त्या रिकाम्या वाटेवरून.

"खळग्यात असेल. चला मॅडम," दत्तप्रसाद म्हणाला. नक्कल मात्र त्याने पुन्हा केली नाही.

गडावर सरांनी चार ताटं सांगितली. "शंभू कुठे राहिला?"

"मागेच आहे, सर." दत्तप्रसादने दरवाज्यातून हाक मारली. खालून ओ आली. सरांनीही ऐकली.

पिठलं गार झालं.

कुणी आलं नाही.

संध्याकाळी शंभू सापडला. बाटली गेली त्याच्या पुढच्याच चढावर. सावलीसाठी करवंदीच्या जाळीत डोकं खुपसलेलं, गालभर काटे. डॉक्टर म्हणाले, ऊन डोक्यावर यायच्या आतच गेला असणार.

आणि आम्हाला तर गडापर्यंत ओ येत होती...

जागा दत्तप्रसादला मिळाली. दुसरा दावेदार उरलाच कुठे होता? स्थळही मिळालं. तिकडे मुलगी झाली, निकिता. तिने पुणं पाहिलेलं नाही. मराठीचा एक शब्द येत नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोचा, श्रद्धाचा, फोन आला.

"निकिताची तहानच भागत नाही गं. कितीही पाणी प्यायली तरी ओठ फुटतात, रक्त येतं. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि... हाक मारली की कसल्यातरी वेगळ्याच मराठीत बोलते. हा तर ऐकून खोलीतून निघून जातो. तुला कळतंय का बघ."

तिने फोन तसाच धरून लेकीला हाक मारली.

लांबून ओ आली. "येऊन राहिलो..."

त्याच अंतरावरून.

मी फोन ठेवला. पुन्हा केलेला नाही.

दत्तप्रसादला हवं ते सगळं मिळालं. शंभूने त्याची किंमत एकदा मोजली. ती पोर रोज मोजतेय.