कॉलरचा पाव इंच

"तुम्ही कॉलर लहान शिवलीत!"

समोरच्या घड्याळवाल्यानं शर्ट काउंटरवर टाकला आणि शिंप्याच्या लेकीचं डोकंच फिरलं. बाबांची नजर अधू झाल्यापासून दुकान तीच चालवायची. सगळे तिला 'मास्तर' म्हणायचे. बाकी काहीही बोला, पण तिच्या मापाला नावं? हे म्हणजे अतीच झालं!

तिनं वही उघडली. "साडेपंधरा. दोन महिन्यांपूर्वी मीच लिहिलंय. मान वर करा!"

टेप फिरवला. पावणेसोळा. परत फिरवला... तेच. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. आणि मग तिचं बोट उजवीकडे अडलं. कातडीखाली चांगली बोराएवढी गाठ.

"हे कधीपासून?"

"असेल दीड महिना. दुखत नाही हो. तुम्ही आपली कॉलर सैल करून द्या."

"आधी डॉक्टर, मग कॉलर."

"काय ही दादागिरी!" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "माझ्या आईलाही गाठच होती, मास्तर. दाखवायला गेली... आणि वर्षभरात गेलीच."

तिनं टेप गुंडाळून ठेवला. कोपऱ्यात बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "जा गं त्याच्याबरोबर."

गेली. औषधं झाली, गाठ काही हलेना. तेव्हा डॉक्टरांनी ती काढून तपासायला पाठवली. मग नुसती वाट बघणं. मानेला पट्टी लावून तो रोज दुपारी यायचा, बटण तुटलं म्हणून.

"स्वतःच तोडता ना?"

"छे! डोळ्याला भिंग लावून, एकेक दोरा हळूच सोडवतो." मग खाली बघत, "एक सांगायचं होतं... पण रिपोर्ट आल्यावर."

रिपोर्ट आला त्या दिवशी तो बंद पाकीट घेऊन दारातच घुटमळला. तिनं पाकीट काढून घेतलं आणि मोठ्या कात्रीखाली ठेवलं.

"आधी सांगायचं ते सांगा."

"वेड लागलंय का? आत काही वाईट असलं तर —"

"तर माप बदलेल. शर्ट मीच शिवणार." तिनं कात्री दाबून धरली. "आवडता तुम्ही मला. झालं? आता बोला, नाहीतर पाकीट मिळायचं नाही."

"दुकानातली सगळी घड्याळं बंद पडली तरी मला चार वाजलेले कळतात," तो म्हणाला. "तुम्ही मशीन सोडून खिडकीशी येता. त्यासाठीच थांबलेला असतो मी."

मग दोघांनी मिळून पाकीट उघडलं. तिनं वाचलं, त्यानं वाचलं, परत तिनं वाचलं. साधी सूज. घाबरण्यासारखं काही नाही.

ती मटकन स्टुलावर बसली. मग उठली, डोळे पुसले आणि टेप घेतला. "मान वर करा. कॉलर परत करायला लागणार."

जखमेला न दुखवता तिनं हलकेच टेप फिरवला.

"किती?"

"आकडे दिसत नाहीयेत." डोळे परत भरून आले होते. "उद्या या."

"आणि परवा?"

"परवाही."