केदारखेड्याच्या उतारावर

ही गोष्ट खरी आहे. रंगवून सांगायची असती तर मी अमावस्या घातली असती, पिंपळ घातला असता.

यात दोन्ही नाहीत.

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ होती. दिवस मावळत होता, रस्ता वाहता होता. जालन्याहून भोकरदनकडे जाताना पूर्णेच्या पुलाआधी उतार लागतो. तिथं केदारखेडा आहे. घडलं ते त्या उतारावर.

ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ, हसनाबादचा कल्याण.

कल्याणनं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे ट्रक चालवले. "ए ड्रायव्हर" ऐकून त्याचे कान किटले होते. एकच ध्यास घेतला होता गड्यानं... गाडी स्वतःची पाहिजे. स्टेअरिंगवर हात आपला, मर्जीही आपली.

जुनी का होईना, घ्यायची ठरली. आता कल्याणनं गाडी बघायला जेवढा वेळ घेतला, तेवढा बायको बघायलाही घेतला नव्हता. हे संध्यावहिनी स्वतः सांगतात.

पारख करायला सोबत भोकरदनचे इब्राहीमचाचा होते. जुने मिस्त्री. पहिल्या गाडीचा रंग नवाकोरा होता. चाचा म्हणाले, "एवढा रंग मारला म्हंजे आत कायतरी झाकलंय." दुसरी काळा धूर ओकत होती.

तिसरी कोपऱ्यात उभी होती. रंग विटलेला. पण सेल्फ मारला आणि इंजिन असं सुरेख लागलं, की चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"मशीन बिलकुल तंदुरुस्त है, बेटा."

"अन् अ‍ॅव्हरेज?" कल्याणनं विचारलं. ट्रकवाल्याची सगळी कमाई डिझेल पितं, त्यामुळे त्याचा जीव तिथंच अडकला होता.

दलाल हसला. "ही डिझेल पीत न्हाई, नुसती हुंगती."

चाचा मात्र केबिनमध्ये चढून गिअरच्या दांड्याकडे बघत बसले. दांड्याची मूठ एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती.

"याचा ड्रायव्हर उताराला न्यूट्रल मारायचा," चाचा म्हणाले. "लई मारायचा."

उतार लागला की काहीजण गिअर काढून गाडी नुसती सोडून देतात. डिझेल वाचतं. पण इंजिनची पकड सुटते, आणि भरलेली गाडी मग ब्रेकला जुमानत नाही. कल्याणनं हे कधी केलं नव्हतं. एकदा करायला गेला तेव्हा गाडी शिकवणाऱ्या उस्तादानं कानाखाली काढली होती.

तरी तो हसला. "म्हंजे माणूस काटकसरी व्हता. बराबर हाय की, चाचा."

इथंच चुकला तो.

गाडी घरी आली. पुष्पहार, नारळ, सगळं झालं. दारावर पेंटरकडून झोकात लिहून घेतलं... मालक-चालक : कल्याण.

जालन्याच्या कारखान्यातून सळई भरायची आणि भोकरदनला उतरवायची, असं काम लागलं. पहिल्या खेपेनंतर पंपावर टाकी फुल केली. डिझेल अंदाजापेक्षा कमी बसलं. कल्याण खूश.

पुढच्या खेपेला त्याहून कमी.

त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी...

भरलेल्या गाडीला एवढं अ‍ॅव्हरेज येत नसतं. हे कल्याणला कळत होतं. पण फायद्याची गोष्ट कोण उकरून काढतो?

मग एका संध्याकाळी केदारखेड्याचा उतार लागला, आणि काहीतरी थांबलं.

इंजिनची घरघर खाली बसली होती. नुसता टायरांचा आवाज येत होता. आणि वारा...

कल्याणनं खाली बघितलं. गाडी न्यूट्रलला होती.

त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

घाईघाईनं त्यानं गिअर टाकला. कसाबसा वेग आवरला. आपणच काढला असेल, असं मनाला समजावलं. पण दांडा धरला तेव्हा मूठ कोमट लागली होती. नुकताच कुणी हात उचलावा, तशी.

त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवता जेवता हात थांबायचा. झोपेत डावा हात हवेत काहीतरी घट्ट धरायचा. वहिनींनी विचारलं की म्हणायचा, "काय न्हाई, गाडीचा विचार करून राह्यलो."

पुढच्या खेपेला त्यानं नजर दांड्यावर ठेवली.

उतार लागला...

दांडा हलला. धक्का नाही, खडखड नाही. सराईत हातानं काढावा तसा अलगद मागे आला.

टक्.

चाचांनी गिअरबॉक्स पार खोलून बघितला. "खराबी कुछ भी नहीं," ते म्हणाले, आणि हात पुसत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "पहिल्या मालकाच्या घरी जाऊन ये, बेटा."

पहिला मालक जाफराबादचा. रामप्रसाद नाव. कल्याण गेला तर दारात त्याची आई बसली होती, गिरिजाबाई. गाडीचं नाव काढताच म्हातारीनं विचारलं,

"अ‍ॅव्हरेज देती का रे?"

कल्याण तिच्यासमोर खालीच बसला.

"लई जीव व्हता त्याचा गाडीवर," ती सांगू लागली. "म्हनायचा, माय, उताराला डिझेल फुकट जळतं. म्या म्हनलं, जळू दे. ऐकलं न्हाई. केदारखेड्याच्या उताराला गाडी आवरली न्हाई अन् वावरात घुसली. गाडीला खरचटलं बी न्हाई. त्याची छाती स्टेअरिंगवर आपटली... गेला. दांड्यावरचा हात सोडवता सोडवंना लोकायला."

कल्याण उठला तशी ती मागून म्हणाली,

"त्याला रागे भरू नको, बाबा. तुझ्या फायद्याचंच करून राह्यला असंल."

आता एकट्यानं त्या उतारावर जायची कल्याणची हिंमत होईना. गाडी उभी ठेवावी तर चूल बंद. पुन्हा दुसऱ्याच्या दारात "ए ड्रायव्हर" ऐकायला जावं लागणार. वहिनींना त्यानं काही सांगितलं नाही. "चल, राजूरच्या गणपतीला जाऊन येऊ," एवढंच म्हणाला आणि सोबत घेतलं. फार चुकीचं केलं. हे मी त्याला तोंडावर बोललोय.

सळई भरली. राजूरला दर्शन झालं. वहिनी खुशीत होत्या, डावीकडच्या सीटवर बसून पेढा खात होत्या.

उतार आला.

कल्याणनं उजव्या हातानं स्टेअरिंग धरलं, डाव्या हातानं दांडा जिवाच्या करारानं दाबला.

दांडा त्याच्या मुठीखाली सरकू लागला...

"काय झालं ओ?" वहिनी म्हणाल्या.

टक्.

इंजिनचा आवाज बसला. गाडी सुटली. समोर पुलाच्या तोंडाशी कापसानं भरलेला ट्रॅक्टर होता, वर माणसं बसलेली. कल्याण ब्रेकवर उभाच राहिला. गाडी ऐकेना. दांडा हलेना.

तेव्हा तो ओरडला.

"रामप्रसादभाऊ, सोडा! माझी बायको हाय गाडीत!"

दांडा सैल झाला.

एकदम. कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा.

गिअर पडला. इंजिन कण्हलं, गाडीला हिसका बसला, आणि ट्रॅक्टरच्या थोडं अलीकडं ती थांबली.

कल्याणला धाप लागली होती. बाजूला वहिनी डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. हिसका बसूनही त्या सीटवरून तसूभर हलल्या नव्हत्या.

"सोडा आता माझा हात," त्या म्हणाल्या. "किती घट्ट धरला, दुखून राह्यला ना."



वहिनींनी डोळे उघडले. त्याचा एक हात स्टेअरिंगवर होता.

दुसरा दांड्यावर.



गाडी अजून कल्याणकडंच आहे. विकावी तर हे सगळं पुढच्याला सांगावं लागेल, आणि न सांगता विकायला त्याचं मन धजत नाही. उतार आला की तो मोठ्यानं म्हणतो, "ऱ्हाऊ द्या भाऊ, जळू द्या डिझेल." बहुतेक वेळा दांडा जागचा हलत नाही.

बहुतेक वेळा...

परवा पासिंगसाठी गाडी रंगवायला काढली होती. मी तिथंच होतो. पेंटरनं ब्रश बुडवून विचारलं, "मालक-चालक कल्याण, असंच लिहू ना?"

कल्याणनं त्या दारावर हात टेकवला.

"मालक कल्याण लिही," तो म्हणाला. "चालकाच्या पुढं काही लिहू नको."